नमुन्याबरहुकूम

५ जानेवारी

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. ते खोटं नाही. आज तिने कपाटातून ही कोरी डायरी काढली, माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली की गुप्ततेच्या कागदावर सही करून बसलाय, तर आता जे सांगायचं ते या डायरीला सांगा. मला सांगू नका, मी बहिणीला सांगून टाकेन.

तर लिहितो. आमचा कारखाना म्हणजे एक लांबट शेड, थोडीफार मशीनं आणि मागे भट्टी. वडिलांनी सुरू केलेला. दारांच्या कड्या, बिजागऱ्या, फाटकांचे अडसर. या शहरातल्या जुन्या दारांना बहुतेक आमचीच कडी आहे आणि ती दारं अजून बंद होतात. हल्ली लोकांना बाहेरून आलेल्या चकचकीत कड्या आवडतात. त्या वर्षभरात हातात येतात, पण दिसतात छान. त्यामुळे आमच्याकडे निम्मी मशीनं झाकून ठेवलेली.

आता सरकारने ठरवलंय की सैन्याला लागणारं जमेल तेवढं इथेच बनवायचं. शहराबाहेर संरक्षण खात्याचा मोठा कारखाना आहे, त्याच्यासाठी लहान कारखानदार शोधत होते. चार माणसं आली, शेड पाहिली, भट्टी पाहिली, माझी कॉलर पाहिली आणि मला निवडलं. का निवडलं ते कळलं नाही. मी उगाच विचारलंही नाही.

११ जानेवारी

नमुना आला. लाकडी पेटी, वर लाखेचं सील, सोबत बंदूकवाला पहारेकरी आणि तपासणी साहेब. मला वाटलं, आता निदान तोफेचा एखादा भाग निघणार. निघाली खिटी, दार अडकवून धरायला असते तसली. हाताच्या पंजाएवढी, जड, काळी, एका टोकाला बाक आणि नाक. अशा खिट्या मी जन्मभर बनवत आलो, फक्त याहून लहान.

कशाची आहे, विचारलं. साहेब म्हणाले, गोपनीय आहे. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, की खरं सांगायचं तर त्यांनाही माहीत नाही, त्यांच्या कागदावर नुसता क्रमांक आहे. साहेब मला आवडले.

एक गोष्ट मात्र चक्रावून टाकणारी आहे. खिटीच्या नाकावर एका बाजूला उतार आहे. बाकी अंग खडबडीत, हा उतार तेवढा गुळगुळीत. तोही सरळसोट नाही. डावीकडे खोल, उजवीकडे येता येता विरून जातो. आमचे मिस्त्री भिंग लावून बराच वेळ बघत बसले आणि शेवटी म्हणाले की यात बाहेरच्या लोकांचं डोकं आहे. वंगण सरकावं म्हणून केलं असेल. मी म्हटलं, वजन कमी करायला असेल. मिस्त्री म्हणाले, एवढ्याशा उताराने काय वजन कमी होणार, तुमची एक ढेकरही यापेक्षा जड असते. मिस्त्री वडिलांच्या वेळचे आहेत, त्यांना बोलायची मुभा आहे.

१४ जानेवारी

साहेबांना फोन करून उतार कशासाठी ते विचारलं. ते म्हणाले, "नमुन्यात आहे ना? मग हवाय."

वडीलही हेच म्हणायचे. कुणी जुनी कडी घेऊन आला की तिच्यासारखी हुबेहूब कडी करून द्यायची, त्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही. त्यांनी तरुणपणी एकदा एका बाईंची वाकडी कडी सरळ करून दिली होती. बाईंची चौकटच वाकडी होती. नवी कडी लागेना, बाईंनी भर दुकानात वडिलांची शोभा केली. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला की नमुना म्हणजे नमुना. एवढी वर्षं आमचं नाव त्या नियमावर चाललंय.

२३ जानेवारी

उताराने जीव खाल्ला. खिटीचं बाकी काम आम्ही डोळे मिटून करतो, पण उतार काही केल्या जमत नव्हता. घासला की एकसारखा येतो आणि नमुन्यातला तर एकसारखा नाही. ढीगभर खिट्या वाया गेल्या. शेवटी मिस्त्रींनी एक खास जिग, म्हणजे खिटी धरून ठेवणारा पकडसाचा, बनवला. त्यात खिटी तिरकी बसते आणि घासताना किंचित डोलते. आज दुपारी पहिली बरोबर खिटी निघाली. नमुना आणि ती, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि मला आमची कुठली ते ओळखू येईना. मला भरून आलं. मिस्त्रींनीही नाक पुसलं, वर धुळीला शिव्या दिल्या.

६ फेब्रुवारी

पहिला लॉट पास झाला. साहेबांनी नमुन्यावरून गेज बनवून आणला होता, म्हणजे पोलादाचा एक साचा. खिटी त्यात नाकासकट चपखल बसली तर पास, नाहीतर बाद. आमची एकही अडली नाही. साहेब इतके खूश झाले की त्यांनी दुसऱ्यांदा चहा घेतला.

बोलता बोलता मी म्हटलं, नमुना अगदी जपून दिलात हो. ते म्हणाले, यासाठी एकाही चालत्या यंत्राला हात लावावा लागला नाही. दुरुस्ती विभागात काढून ठेवलेल्या सामानाचं पिंप आहे, त्यात ही सापडली. फक्त धुवून सील केली. मला हे कौतुकास्पद वाटलं. आपल्याकडे नाहीतर नमुन्यासाठी चांगली चालती वस्तू खोलतात.

१९ फेब्रुवारी

हिचा धाकटा भाऊ आता आमच्याकडेच राहायला आला आहे. त्याला सगळे शिडी म्हणतात. दारातून वाकल्याशिवाय आत येत नाही आणि वाकायला विसरला की आमच्या चौकटी हलतात. तो त्याच मोठ्या कारखान्यात चालक आहे. काय चालवतो ते सांगत नाही. सध्या चाचणीवर आहे, एवढंच. त्यानेही तसल्याच कागदावर सही केलीय.

त्यामुळे जेवताना मजा होते. मी माझ्या कामाचं बोलत नाही, तो त्याच्या कामाचं बोलत नाही. आज ही म्हणाली की दोन पुरुष तोंडाला कुलूप लावून जेवतायत असं सुख तिला लग्नानंतर पहिल्यांदा मिळतंय.

शिडीच्या उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं आहे. ठेचलंय म्हणाला. कशाने, तर ते सांगता येत नाही. हिने बर्फ दिला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, हा पोरगा बुटाची नाडी बांधतानाही दुसरीकडे बघतो.

१२ मार्च

आज शिडीला कारखान्याच्या गाडीतून घरी सोडलं. डोक्यावर शिरस्त्राण होतं म्हणून वाचला, असं सोबतचा माणूस म्हणाला. खांदा बांधलाय, मान हलवता येत नाही. हिने आधी त्याला पोटभर ओरडून घेतलं आणि मग आत जाऊन रडली.

त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला आहे. त्याने नीट लावलं नाही म्हणून सुटलं, असं वरच्यांचं मत. पुन्हा असं झालं तर चाचणीवरून काढून गोदामात बसवणार. शिडी सारखा म्हणत होता, "मी नीट लावलं होतं, भावोजी. लावून, ओढून बघितलं होतं. जमीन सपाट होती तोवर राहिलं. खड्ड्यात गेलो आणि आपोआप सुटलं."

"काय सुटलं?"

"ते सांगता येत नाही."

आता यावर माणसाने काय बोलायचं? मी त्याला म्हटलं, जे काही असेल ते पुढच्या वेळी दोनदा ओढून बघत जा. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं, रडणार. मग भिंतीकडे तोंड करून झोपला. माझं काही चुकलं का ते कळलं नाही.

२५ मार्च

दुसरा लॉट चालू आहे. शिडी बरा आहे, परत कामावर जाणार आहे. हिने जाऊ नको म्हणून सांगून पाहिलं. पुढच्या महिन्यात मोठी चाचणी आहे, बडे लोक येणार आहेत, आणि तो गेला नाही तर निष्काळजीपणाचा शिक्का कायमचा बसेल. तो हट्टी आहे. हिच्यावर गेलाय.

३० मार्च

आज सुट्टी. सकाळपासून हिचं चालू होतं की कड्या विकणाऱ्याच्या घरात न्हाणीचं दार वाऱ्याने उघडतं. ती कडी वडिलांच्या हातची, ती बिघडूच शकत नाही असं मी म्हणत आलोय. आज शेवटी स्क्रू काढले आणि कडी हातात घेतली.

कडीच्या जिभेवर एका बाजूला उतार होता. काचेसारखा गुळगुळीत. डावीकडे खोल, उजवीकडे विरत गेलेला.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. वडिलांनी काही ही अशी घडवली नव्हती. इतकी वर्षं दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं, कोयंड्याने जीभ खाल्ली आणि उतार झाला. म्हणून ती धरत नाही. म्हणून वाऱ्याने सुटते. ही बाहेरून विचारत होती की आत इतका वेळ काय करताय.

म्हणजे ती खिटी झिजलेली होती. झिजली म्हणून काढली, काढली म्हणून पिंपात पडली, पिंपात होती म्हणून आमच्याकडे आली. आणि आम्ही जिग बनवून, डोळ्यांत तेल घालून, नव्याकोऱ्या खिटीवर झीज कोरली. मी, कड्यांचा धंदा करणारा माणूस. मला स्वतःची इतकी लाज वाटतेय की मिस्त्रींना कसं सांगू तेही कळत नाही. आणि ती खिटी काय धरते, हे मला अजून माहीत नाही. काहीतरी धरते, आणि ते सुटत असणार.

संध्याकाळी

"सुटत असणार" हे वर मी लिहिलं, आणि मग तेच वाक्य वाचत बसलो.

शेडवर जाऊन एक खिटी खिशात टाकून आणली. हा गुन्हा आहे, मला ठाऊक आहे. जेवायला बसल्यावर ती शिडीच्या ताटाशेजारी ठेवली. ही म्हणाली, हे घाण लोखंड ताटापाशी कशाला. शिडीचा घास हातातच राहिला. मग त्याने काळ्या नखाचा अंगठा खिटीच्या उतारावरून फिरवला.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"मी बनवलंय."

त्याने घास ताटात परत ठेवला आणि म्हणाला, "भावोजी, ही वरचं झाकण उघडं धरून ठेवते. त्या झाकणाचं वजन माझ्याएवढं आहे. गाडी चालवताना माझं डोकं त्याच्याखाली असतं."

हिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिला अजून नीट काही कळलं नव्हतं, पण तिने खिटी उचलली आणि ओट्यावर, आमच्यापासून लांब ठेवली. कुणी पुढे जेवलं नाही.

३ एप्रिल

मिस्त्रींना सांगितलं. ते भट्टीपाशी जाऊन उभे राहिले आणि पाठमोरेच म्हणाले की जिग त्यांनी फार मनापासून बनवला होता. मग दुसरा लॉट होता तिथेच थांबवला आणि आम्ही उताराशिवायच्या, सरळ नाकाच्या खिट्या बनवल्या. सोपं काम, दुपारपर्यंत झालं.

साहेब आले. सरळ खिटी गेजमध्ये घातली, अर्थातच बसली नाही. बाद. मी त्यांना न्हाणीची कडी दाखवली, शेजारी नमुना ठेवला, सगळं समजावून सांगितलं. शिडीचं नाव घेतलं नाही. साहेब हुशार आहेत, त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "तुमचं मला पटतंय. पण मला पटून उपयोग नाही. या नमुन्यावर समितीचं सील आहे."

मी म्हटलं, समितीला कळवा. ते म्हणाले, कळवतो, पण समिती मोठ्या चाचणीनंतर बसणार. मी म्हटलं, आधी बसवा. ते म्हणाले, समितीतली निम्मी माणसं चाचणीच्या मांडवाचं बघतायत. मग कपाळाला हात लावून बसले आणि मला विचारू लागले की आता काय करायचं. हे मी त्यांना विचारणार होतो. सरळ खिट्या बाद मालाच्या ड्रममध्ये टाकल्या आणि ते निघून गेले. आज चहाही घेतला नाही.

९ एप्रिल

शिडीने सहज विचारलं की ड्रममधली एखादी खिटी कमी झाली तर कुणी मोजतं का. मी म्हटलं, भंगार कोण मोजतंय.

आज सकाळी हिने त्याचा डबा भरला तेव्हा म्हणाली, खालचा पुडा इतका जड का लागतोय? आम्ही दोघं बाहेर बघत राहिलो. तिने पुडा उघडून पाहिला, पुन्हा बंद केला आणि वर भाजी ठेवली.

१८ एप्रिल

मोठी चाचणी झाली. मी दिवसभर मशीनवर होतो आणि मशीन बंदच होतं, हे मिस्त्रींनी दाखवलं तेव्हा कळलं. संध्याकाळी शिडी चालत आला. चौकटीत वाकायला विसरला, डोकं आपटलं आणि हसत सुटला. ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. खड्डे, चढ, दगड, सगळीकडून गाडी नेली. झाकण हललं नाही. फक्त खिटीची पिन घट्ट होती, बसवताना हातोड्याचा एक ठोका खिटीवरच बसला, चांगली खोच पडली. मी म्हटलं, पडू दे.

२९ एप्रिल

आता काय लिहावं? साहेब आले, पुन्हा पेटी, पुन्हा लाख, पुन्हा पहारेकरी. चाचणीत झाकणाच्या पकडीची फार वाहवा झाली. समितीने त्या गाडीवरचीच खिटी काढून घेतली आणि तोच यापुढचा नमुना ठरवला. पेटी उघडली. आमचीच सरळ खिटी, ड्रममधली, नाकामागे शिडीच्या हातोड्याच्या खोचेसकट.

मी साहेबांकडे पाहिलं, त्यांनी छताकडे पाहिलं. नवा गेजही तयार होता. त्यात त्या खोचेसाठी एक बारीक उंचवटा आहे. खिटीवर खोच नसेल तर ती गेजमध्ये बसणारच नाही.

मग मी पहिल्या लॉटचं विचारलं, त्या उताराच्या खिट्यांचं. त्या परत मागवणार ना? साहेब अवघडले. म्हणाले, तेव्हाच्या नमुन्याप्रमाणे त्या बरोबर होत्या. आज चूक म्हणायच्या तर मग पास कुणी केल्या, असा प्रश्न येतो. पास त्यांनीच केल्या होत्या. कुठल्या गाड्यांवर लागल्या, विचारलं, तर म्हणाले, "ते गोपनीय आहे." या वेळी पुढचं काही हळूच बोलले नाहीत.

१४ मे

काम जोरात आहे. झाकलेली मशीनं उघडली. प्रत्येक खिटी तयार झाली की मिस्त्री ती ऐरणीवर ठेवतात आणि मोजूनमापून एक ठोका मारतात. पहिले दोन दिवस ठोका कमीजास्त होत होता, आता हात बसला आहे. आज मोठ्या कारखान्यातून एक नवीन इंजिनीअर बाई बघायला आल्या होत्या. त्यांनी भिंगातून खोच पाहिली आणि विचारलं की ही कशासाठी. चांगला प्रश्न होता. मिस्त्री माझ्याकडे बघू लागले.

मी म्हटलं, "नमुन्यात आहे."

बाईंनी ते लिहून घेतलं. त्या गेल्यावर मला वाईट वाटलं. खरं सांगायला हवं होतं, पण खरं सांगितलं तर सरळ खिटी पुन्हा बाद होईल आणि शिडी तुरुंगात जाईल. हे बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही.

२ जून

शिडीला आता नव्या चालकांना शिकवायला नेमलं आहे. रोज वेगळी गाडी हाताखाली येते. गाडीत चढला की आधी अंगठा खिटीच्या नाकावर फिरवतो, उतार लागतो का बघायला. उतार लागला तर डब्यातली सरळ काढून बसवतो आणि उताराची परत घेऊन येतो.

डबा आता हीच भरते. वर भाजी, मध्ये पोळी आणि खालच्या पुड्यात फडक्यात गुंडाळलेली खिटी. संध्याकाळी डबा घासायच्या आधी मी खालचा पुडा उघडतो आणि अंगठ्याने चाचपतो. उतार लागला की एक गाडीवरून निघाली म्हणायचं, म्हणजे एकाचं डोकं वाचलं. मग ती भट्टीत.

९ जून

गेले तीन दिवस सरळच परत येतेय. शिडी म्हणतो, कारखान्याच्या आवारातल्या सगळ्या गाड्या बघून झाल्या. पण बऱ्याचशा गाड्या कधीच बाहेर गेल्या आहेत. कुठे, ते त्यालाही माहीत नाही, त्यांच्यात कोण बसतं तेही नाही. भट्टीत गेलेल्या खिट्या आणि पहिला लॉट यांचा हिशेब मी मनात करतो आणि मध्येच सोडून देतो.

आजही पुडा उघडला. सरळ होती. याचा आनंद मानायचा की नाही, ते मला कळेना, म्हणून हिला विचारलं. तिने माझ्या हातातून खिटी घेतली, फडक्याने पुसली, पुन्हा गुंडाळली आणि म्हणाली, उद्याच्या डब्यात ठेवते.